१८७७ नंतरचा अमेरिकेचा इतिहास आठ आठवड्यांच्या ऑनलाइन कोर्समध्ये कसा अभ्यासावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत ‘१८७७ नंतरचा अमेरिकेचा इतिहास’ हा तीन क्रेडिटचा विषय करावाच लागतो आणि तो उन्हाळी सत्रात आठ आठवड्यांचा ऑनलाइन घेतला आहे. शालेय शिक्षण महाराष्ट्रात झाल्यामुळे हा इतिहास पूर्वी फारसा वाचलेला नाही. प्रकरणं वाचूनही क्विझमध्ये साठ-पासष्टच्या पुढे मार्क जात नाहीत आणि पहिल्या निबंधावर ‘हा सारांश झाला, तुमचं म्हणणं कुठे आहे?’ असा शेरा आला आहे. आता अभ्यास कसा करावा?

त्या शेऱ्यातच अर्धं उत्तर आहे. सर्व्हे कोर्स म्हणजे दीडशे वर्षांची धावती ओळख, म्हणून विद्यार्थी सगळं पाठ करायला निघतात. मार्क मात्र काय घडलं यापेक्षा ते का घडलं, कोणाला त्याचा फायदा झाला, कोण वगळलं गेलं आणि तुम्ही ते कशाच्या आधारावर म्हणता, याला असतात. सनावळी लागतेच, पण ती पुरावा म्हणून.

आधी तासांचा हिशोब करा. क्रेडिटची अमेरिकेतली सरकारी व्याख्या अशी की एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास घरचा अभ्यास, साधारण पंधरा आठवडे. तीन क्रेडिटचे झाले १३५ तास. आठ आठवड्यांच्या सत्रात हे तास कमी होत नाहीत, आठवड्याला जवळपास १७ पडतात. ‘ऑनलाइनच आहे, शनिवार-रविवारी उरकू’ म्हणणारे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अडकतात ते इथेच. सोमवार-मंगळवारी पहिलं प्रकरण आणि त्या आठवड्याचा मूळ दस्तऐवज, बुधवारी चर्चेतली पहिली पोस्ट, गुरुवार-शुक्रवारी दुसरं प्रकरण, शनिवारी क्विझ, रविवारी सकाळी इतरांच्या पोस्टना उत्तरं, असा क्रम बहुतेक कोर्सना बसतो. पोस्ट क्विझच्या आधी ठेवायचं कारण एवढंच की स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं क्विझमध्ये आठवतं, नुसतं अधोरेखित केलेलं आठवत नाही.

सुट्टीत भारतात येऊन कोर्स करत असाल तर डेडलाइन आपल्या घड्याळात लिहून ठेवा. न्यूयॉर्क किंवा अटलांटाची रविवार रात्रीची ११:५९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवार सकाळचे ९:२९. टेक्सस किंवा शिकागोची असेल तर १०:२९, कॅलिफोर्नियाची असेल तर दुपारचे १२:२९. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर या प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा. कॅनव्हासमध्ये (कॉलेजचा ऑनलाइन वर्ग ज्यावर चालतो ती प्रणाली) स्वतःचा टाइम झोन सेट करता येतो, पण सिलॅबसमध्ये छापलेली वेळ कॉलेजचीच असते. वेबकॅमवर देखरेख असलेली परीक्षा असेल तर त्यासाठी लागणारा लॉकडाऊन ब्राउझर (परीक्षा चालू असताना दुसरं काही उघडू न देणारा) आणि ओळखपत्राची पडताळणी सरावाच्या क्विझवर आधी करून पाहा. परीक्षेच्या दिवशी इन्स्टॉल करायला बसू नका.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. नियमित सत्रात पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या हिशोबात फक्त एक ऑनलाइन वर्ग किंवा तीन क्रेडिट धरले जातात. बारा क्रेडिटमध्ये दोन ऑनलाइन विषय घेतले तर गणित बिघडतं. नोंदणीच्या आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

सिलॅबस वाचताना तीन जागी खूण करा: कशाला किती टक्के मार्क, उशिरा दिलेल्या कामाचं काय होतं आणि बाहेरचे स्रोत चालतात का. तिसरा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. बऱ्याच सर्व्हे कोर्समध्ये निबंध फक्त पाठ्यपुस्तक आणि दिलेल्या दस्तऐवजांवर लिहायचा असतो. तिथे इंटरनेटवरची चार संकेतस्थळं जोडली तर मार्क वाढत नाहीत, कमी होतात. संदर्भ शिकागो पद्धतीने मागितले असतील तर इतिहासात सहसा तळटीपा लागतात, कंसात लेखकाचं नाव चालत नाही. एआय वापरण्याबद्दलचा नियमही तिथेच असतो, तो तंतोतंत पाळा. एआयने दिलेली अवतरणं आणि पृष्ठक्रमांक पुष्कळदा अस्तित्वातच नसतात आणि इतिहासाच्या प्राध्यापकाला ते लगेच कळतं.

आता वाचन. अनेक कॉलेजं ओपनस्टॅक्स या प्रकाशकाचं किंवा ‘अमेरिकन यॉप’ हे मोफत ऑनलाइन पुस्तक लावतात. ओपनस्टॅक्समध्ये ३२ प्रकरणं आहेत. सोळावं यादवीनंतरच्या पुनर्बांधणीचं. तिथून शेवटापर्यंत १७ प्रकरणं होतात, म्हणजे आठवड्याला दोन आणि एका आठवड्यात तीन. प्रकरण उघडल्यावर आधी शेवटचे प्रश्न वाचा, मग उपशीर्षकं, मग मजकूर. प्रत्येक उपविभाग संपला की पुस्तक मिटून दोन वाक्यं लिहा: इथे काय बदललं आणि कशामुळे. दोन वाक्यं सुचली नाहीत तर तो भाग परत वाचा. याला वेळ लागतो, पण तीन वेळा नुसतं वाचण्यापेक्षा कमीच.

क्विझमध्ये साठवर अडकण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं. पुस्तक उघडून क्विझ द्यायला परवानगी असते, म्हणून तयारी न करता बसलं जातं. वीस प्रश्न आणि तीस मिनिटं असतील तर एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात शोधता येते ती फक्त तारीख. प्रश्न मात्र ‘यांपैकी कोणतं कारण नव्हतं’, ‘याचा परिणाम म्हणून काय झालं’ अशा घडणीचे असतात, ते पानं चाळून सापडत नाहीत. एका पानावर त्या प्रकरणातल्या दहा-बारा घटना कालक्रमाने आणि प्रत्येकीपुढे ‘म्हणून पुढे काय’ असं लिहून ते पान शेजारी ठेवा. पुस्तकाची गरज एखाद-दुसऱ्या प्रश्नालाच पडेल.

पण खरी पकड येते ती पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत दोन प्रश्न हातात धरून वाचल्याने. पहिला: केंद्र सरकारने किती आणि कशात हात घालायचा? दुसरा: या देशात पूर्ण नागरिक कोण? १८७७ नंतरच्या अमेरिकेतली जवळजवळ प्रत्येक मोठी लढाई या दोनपैकी एका प्रश्नावर झाली आहे, पुष्कळदा दोन्हींवर. वहीत दोन रकाने आखा आणि दर आठवड्याला त्यांत भर घाला. निबंधाचा कच्चा माल तिथेच तयार होतो.

पहिला रकाना कसा भरतो ते पाहा. १८९२ मध्ये शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने ओमाहाच्या जाहीरनाम्यात चढत्या दराचा आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक मागितली. पक्ष हरला आणि थोड्याच वर्षांत विरला. पण १९१३ मध्ये १६ वी आणि १७ वी घटनादुरुस्ती झाली आणि या दोन्ही मागण्या संविधानात आल्या. १९०५ मध्ये लॉकनर खटल्यात सुप्रीम कोर्टाने बेकरी कामगारांची दिवसाची दहा तासांची मर्यादा रद्द केली. मालक आणि कामगार यांच्यातल्या कराराच्या स्वातंत्र्यात सरकारने पडू नये, हा तर्क. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जण गेले, त्यांत बहुतेक स्थलांतरित तरुण मुली होत्या, आणि त्यानंतर राज्यात कारखान्यांच्या सुरक्षेचे कायदे झाले. १९३५ मध्ये शेक्टर खटल्यात कोर्टाने न्यू डीलमधला, म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्टच्या मंदीवरच्या योजनांमधला, औद्योगिक पुनरुज्जीवन कायदा पाडला. १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टने कोर्टात जादा न्यायाधीश नेमण्याची योजना मांडली. ती फसली, पण त्याच वर्षी वेस्ट कोस्ट हॉटेल खटल्यात कोर्टाने किमान वेतनाचा कायदा उचलून धरला. १९०५ आणि १९३७ हे दोन निकाल समोरासमोर ठेवले की मधली बत्तीस वर्षं एका रेषेत दिसतात. हे पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेलं असतं, जोडायचं काम तुमचं.

दुसऱ्या रकान्यात सर्वांत आधी १४ वी घटनादुरुस्ती, १८६८. कोर्सचं नाव ‘१८७७ नंतर’ असलं तरी १३ वी, १४ वी आणि १५ वी दुरुस्ती पक्की नसेल तर पुढचं काहीच नीट लागत नाही: गुलामगिरी बंद, जन्माने नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण, वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही. मग खाली भरत जा: १८८२ चा चिनी स्थलांतरबंदीचा कायदा, १८९६ चा ‘वेगळं पण समान’ चालतं म्हणणारा प्लेसी निकाल, १९२० ची स्त्रियांच्या मताधिकाराची १९ वी दुरुस्ती, १९२४ चा आदिवासींना नागरिकत्व देणारा कायदा, त्याच वर्षीचा देशनिहाय कोट्याचा स्थलांतर कायदा, १९५४ चा शाळांतलं वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन निकाल, १९६४ आणि १९६५ चे नागरी हक्क व मतदान हक्क कायदे.

भारतात शिकलेल्या विद्यार्थ्याची इथे एक ठरावीक चूक होते. आपल्याकडे संसदेने कायदा केला की तो देशभर लागू, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की अमेरिकेतल्या राज्यांची ताकद लक्षातच येत नाही. मतदानाचे नियम, शाळा, विवाह, पोलीस हे प्रामुख्याने राज्यांच्या हातात आहेत. जिम क्रो म्हणून ओळखले जाणारे वंशभेदाचे कायदे वॉशिंग्टनने केलेले नव्हते, दक्षिणेतल्या राज्यांनी आणि शहरांनी केले होते. १५ वी दुरुस्ती १८७० मध्ये झाली. तिला उघड धक्का न लावता मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि वाचन-आकलनाची परीक्षा घातली. कागदावर वंशाचा उल्लेख नाही आणि तरी काळे मतदार यादीतून बाहेर. केंद्रीय निवडणुकांतला मतदान-कर १९६४ च्या २४ व्या दुरुस्तीने गेला, राज्यांच्या निवडणुकांतला १९६६ च्या हार्पर निकालाने. परीक्षांचा अडसर १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने हटवला आणि ज्या भागांचा इतिहास वाईट होता त्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी सक्तीची केली. ही मंजुरी कोणाला लागेल हे ठरवणारं सूत्र सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या शेल्बी निकालात रद्द केलं. म्हणजे ‘१८७० मध्ये काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला’ हे उत्तर चूक नाही, पण तेवढ्यावर थांबलात तर अर्धेच मार्क.

म्हणून प्रत्येक घटनेपुढे ती कोणी केली हेही लिहा: काँग्रेसचा (अमेरिकेच्या संसदेचा) कायदा, राष्ट्राध्यक्षाचा कार्यकारी आदेश, सुप्रीम कोर्टाचा निकाल, घटनादुरुस्ती की राज्याचा कायदा. ट्रूमनने १९४८ मध्ये सैन्यातला वंशभेद आदेशाने संपवायला घेतला, कारण दक्षिणेचे सिनेटर काँग्रेसमध्ये असा कायदा होऊ देत नव्हते. ‘कोणी केलं’ हे कळलं की ‘असंच का केलं’ हे पुष्कळदा आपोआप कळतं.

काही जोड्यांचा घोळ दर सत्रात होतो. थिओडोर रूझवेल्ट १९०१ ते १९०९, फ्रँकलिन १९३३ ते १९४५. अँड्र्यू जॉन्सन पुनर्बांधणीचा, लिंडन जॉन्सन नागरी हक्कांचा आणि व्हिएतनामचा. लाल भयाच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या धास्तीच्या, लाटा दोन, पहिली १९१९-२० ची, दुसरी दुसऱ्या महायुद्धानंतरची. दुसरीत सिनेटर जोसेफ मॅकार्थी आणि हाउसची (कनिष्ठ सभागृहाची) अमेरिकाविरोधी कारवायांची समिती हे वेगळे. मॅकार्थी सिनेटचा, समिती दुसऱ्या सभागृहाची, तो तिचा सदस्य असूच शकत नव्हता. समिती १९३८ पासूनची, मॅकार्थीचं गाजलेलं भाषण १९५० चं.

पक्षांबद्दलही सावध राहा. आजचे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट डोळ्यांसमोर ठेवून १९०० सालचं वाचलं तर सगळं उलटं दिसतं. लिंकनचा पक्ष रिपब्लिकन, म्हणून मतदान करू शकणारे काळे मतदार कित्येक दशकं त्याच्याकडे होते. दक्षिणेतले वंशभेद टिकवू पाहणारे गोरे नेते डेमोक्रॅट होते. १९३६ च्या निवडणुकीत उत्तरेतले काळे मतदार मोठ्या प्रमाणावर न्यू डीलमुळे डेमोक्रॅटांकडे वळले. १९४८ मध्ये नागरी हक्कांच्या ठरावावरून दक्षिणेचे काही डेमोक्रॅट फुटले. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर देशभर हरला, पण स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर त्याने जिंकलेली पाचही राज्यं खोल दक्षिणेतली होती. या तीन तारखा क्रमाने माहीत असतील तर निक्सन आणि रेगनचे आठवडे खूप सोपे जातात.

मूळ दस्तऐवजाचं विश्लेषण हा प्रकार सर्वांत जास्त मार्क खातो, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ. कार्यकारी आदेश ९०६६, १९ फेब्रुवारी १९४२. पर्ल हार्बरवरचा हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत. आदेश छोटा आहे, पूर्ण वाचा. सुरुवातीला युद्ध यशस्वी व्हायचं तर हेरगिरी आणि घातपातापासून संरक्षण हवं, अशी भूमिका. मग युद्धमंत्री आणि त्याने नेमलेले लष्करी अधिकारी यांना लष्करी क्षेत्रं ठरवण्याचा आणि तिथून ‘कोणालाही किंवा सर्वांना’ बाहेर काढण्याचा अधिकार. बाहेर काढलेल्यांच्या प्रवासाची, अन्नाची, निवाऱ्याची सोय करण्याची तरतूद. आता यात काय नाही ते शोधा. ‘जपानी’ हा शब्द कुठेच नाही. पश्चिम किनाऱ्याचं नाव नाही. छावण्यांचा उल्लेख नाही.

इथे थांबून दुसरा कागद घ्या: वसंतात किनाऱ्यावरच्या शहरांत भिंतींवर लागलेली जनरल जॉन डेविटच्या नावाची नोटीस. तिच्यात मात्र स्पष्ट आहे की जपानी वंशाच्या सर्व व्यक्ती, ‘परदेशी आणि बिगर-परदेशी’, ठरलेल्या तारखेपर्यंत हलवल्या जातील. हे ‘बिगर-परदेशी’ म्हणजे अमेरिकेचे नागरिकच. नागरिक म्हटलं असतं तर नागरिकाला आरोपाशिवाय घराबाहेर कसं काढता, हा प्रश्न त्याच नोटिशीवर उभा राहिला असता. हलवलेले लोक सुमारे १,२०,००० आणि त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश नागरिक. आता तुलना: हवाईमध्ये एक तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या जपानी वंशाची होती, हल्लाही तिथेच झाला, पण तिथे सरसकट उचलाउचल झाली नाही. एवढे कामगार हटवले असते तर बेटांचा कारभारच थांबला असता. मग धोका हेच एकमेव कारण होतं, असं म्हणता येईल का? हा प्रश्न तुम्ही विचारलात की सारांश संपून विश्लेषण सुरू होतं.

निष्कर्षाचं वाक्य असं काही असू शकतं: ‘आदेशाची तटस्थ भाषा हाच त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण तिच्यामुळे एका वंशाच्या नागरिकांवरची कारवाई लष्करी खबरदारीसारखी दिसली आणि १९४४ मध्ये कोरेमात्सु खटल्यात सुप्रीम कोर्टाला ती ६ विरुद्ध ३ मतांनी मान्य करता आली.’ पुढे एक ओळ १९८८ च्या कायद्याची घाला, ज्यात काँग्रेसने माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. जागा असेल तर मिसिसिपीच्या १८९० च्या घटनेशी तुलना करा. तिथेही कागदावर वंश नव्हता. दोन वेगळ्या आठवड्यांचे कागद जोडणारं हे एक वाक्य वाचून प्राध्यापकाला कळतं की विद्यार्थ्याने कोर्स समजून घेतला आहे.

कोणताही दस्तऐवज घेतला तरी विचारायचं तेच: कोणी लिहिला आणि त्याचा अधिकार काय, कोणासाठी लिहिला, त्याच सुमारास आजूबाजूला काय चाललं होतं, आणि काय लिहायचं टाळलं. चौथा प्रश्न विद्यार्थी विचारत नाहीत आणि मार्क तिथेच राहतात. मूळ कागद नॅशनल आर्काइव्ह्ज आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात, राष्ट्राध्यक्षांची भाषणं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संग्रहात. कोर्टाच्या निकालांसाठी ओयेझ या संकेतस्थळावर आधी थोडक्यात वाचा, मग निकालपत्रातला हवा तो भाग. पूर्ण निकाल वाचत बसायला सर्व्हे कोर्समध्ये वेळ नसतो.

निबंधाचा प्रश्न बहुधा ‘न्यू डील कितपत यशस्वी झाली?’ अशा धाटणीचा असतो. ‘न्यू डीलमध्ये अनेक योजना होत्या आणि तिचे काही फायदे व काही तोटे झाले’ हे वाक्य कोणालाच खोडता येणार नाही, म्हणूनच ते निरुपयोगी. त्याऐवजी: ‘न्यू डीलने मंदी संपवली नाही, पण नागरिकाच्या आर्थिक सुरक्षेची जबाबदारी केंद्र सरकारची आहे हे कायमचं प्रस्थापित केलं. मात्र ही सुरक्षा ज्या अटींवर दिली त्यांतून बहुसंख्य काळे कामगार बाहेर राहिले.’ यावर वाद घालता येतो आणि तीन परिच्छेद इथेच आखले गेले. पहिल्यात १९३३ ला साधारण चारातला एक कामगार बेकार असणं, १९३७-३८ ची पुन्हा आलेली घसरण आणि युद्धाच्या उत्पादनाने आलेली पूर्ण रोजगारी. दुसऱ्यात १९३३ चा ठेवींचा विमा आणि १९३५ चे सामाजिक सुरक्षा व कामगार संघटनांचे कायदे. तिसऱ्यात सामाजिक सुरक्षेतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले ते: दक्षिणेत काळे लोक प्रामुख्याने याच कामांत होते. हे दार १९५० च्या दुरुस्तीने काहीसं उघडलं. त्याच परिच्छेदात गृहकर्जाचे नकाशेही येतात, ज्यांत काळ्या वस्त्या लाल रंगाने जोखमीच्या दाखवल्या होत्या. ते रिचमंड विद्यापीठाने शहरवार ऑनलाइन ठेवले आहेत. एखाद्या शहराचा नकाशा प्रत्यक्ष पाहून दोन ओळी लिहिल्यात तर परिच्छेदाला वजन येतं, बाहेरचे स्रोत चालत असतील तर. परिच्छेदाचं पहिलं वाक्य म्हणणं, मग पुरावा, मग तो पुरावा ते म्हणणं कसं सिद्ध करतो. हा तिसरा टप्पा सुटला की ‘सारांश झाला’ हा शेरा येतो.

चर्चेच्या पोस्टला ‘छान मुद्दा, मी सहमत आहे’ असं उत्तर देऊन काही मिळत नाही. समोरच्याने न दिलेला एक पुरावा द्या किंवा त्याच्या म्हणण्याला मर्यादा घाला. कोणी लिहिलं की युद्धाने स्त्रियांना कारखान्यांत आणलं, तर युद्धानंतर सैनिक परतल्यावर त्यांतल्या किती जणींना ती कामं सोडावी लागली, इकडे लक्ष वेधा. चार ओळी पुरतात.

शोधनिबंधाला विषय निवडायचा असेल तर मराठी विद्यार्थ्याला दोन विषय मनापासून सुचवावेसे वाटतात. एक, नागरिकत्वाचे दोन खटले. तेव्हा स्थलांतरितांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिक होता येई. १९२२ मध्ये जपानहून आलेल्या ताकाओ ओझावाला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, त्वचेचा रंग नव्हे. १९२३ मध्ये पंजाबहून आलेला भगतसिंग थिंद म्हणाला, वंशशास्त्रानुसार मी कॉकेशियन आहे. तेव्हा त्याच कोर्टाने, त्याच न्यायाधीश सदरलँडच्या लेखणीतून, सांगितलं की शास्त्र बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीन महिन्यांत कसोटी बदलली आणि निकाल मात्र दोघांच्याही विरुद्ध. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६ च्या कायद्याने खुला झाला, पण देशात येण्याचा कोटा वर्षाला जेमतेम १०० जणांचा. आज अमेरिकेत दिसणारा मराठी समाज मुख्यत्वे १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतरचा.

दोन, डॉ. आंबेडकर आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा १९४६ चा पत्रव्यवहार. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचून त्यांनी डुबॉइसना लिहिलं, अस्पृश्यांची आणि तिथल्या काळ्यांची स्थिती सारखी असल्याचं म्हटलं आणि अर्जाच्या प्रती मागितल्या. पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या संग्रहात आहे आणि ऑनलाइन पाहता येतं. १९४७ चा संयुक्त राष्ट्रांकडचा अर्ज, शीतयुद्धात वंशभेदामुळे अमेरिकेची झालेली कोंडी आणि १९६६ च्या ब्लॅक पँथर पक्षाचं नाव घेऊन १९७२ मध्ये मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर, इथपर्यंत धागा नेता येतो. पण पाच-सहा पानांच्या निबंधात सगळं कोंबू नका. १९४६-४७ वर थांबलात तर नीट होईल.

परीक्षेत छोट्या ओळखीचे प्रश्न असतील तर पाच वाक्यं पुरतात, शेवटचं महत्त्वाचं. जीआय बिल: १९४४ मध्ये रूझवेल्टने सही केलेला कायदा, परतणाऱ्या सैनिकांना शिक्षणाचा खर्च, निर्वाह भत्ता आणि घरकर्जाची हमी. सुमारे २२ लाख जण त्यावर कॉलेजात गेले. युद्धोत्तर मध्यमवर्ग आणि उपनगरं वाढण्यात त्याचा मोठा वाटा. अंमलबजावणी स्थानिक बँका, कॉलेजं आणि अधिकाऱ्यांच्या हाती राहिल्याने काळ्या सैनिकांना त्याचा लाभ फार कमी मिळाला. म्हणजे दोन्ही रकाने एका कायद्यात.

मागे पडला असाल तर सगळी प्रकरणं भरून काढायचा हट्ट धरू नका. पश्चिमेकडचा विस्तार आणि गिल्डेड युगातल्या (एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या) राष्ट्राध्यक्षांची नावं वरवर चालतील. पुनर्बांधणी, प्रोग्रेसिव्ह काळ (विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुधारणांचा), न्यू डील, शीतयुद्धाची १९४६ ते १९५० ही वर्षं आणि साठचं दशक यांना पूर्ण वेळ द्या. १९८० नंतरचा भाग शेवटच्या आठवड्यात घाईत येतो, पण परीक्षेत असतोच. निदान रेगनची करकपात, १९९४ चा नाफ्टा व्यापार करार, १९९६ चा कल्याण योजनांवरचा कायदा, २००१ चा दहशतवादविरोधी पेट्रियट कायदा आणि २०१० चा आरोग्य विम्याचा कायदा पहिल्या रकान्यात लिहून ठेवा. डेडलाइन चुकणार असं दिसलं तर ती उलटायच्या आधी प्राध्यापकांना दोन ओळींचा ईमेल करा, नंतर केलेल्याला फारसा अर्थ नसतो. विषय सोडायचीच वेळ आली तर ‘डब्ल्यू’ (ग्रेडऐवजी विषय सोडल्याची नोंद) मिळण्याची शेवटची तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये पाहा. आठ आठवड्यांच्या सत्रात ती सोळा आठवड्यांच्या सत्रापेक्षा खूप लवकर येते. एफ-१ वर असाल तर आधी आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी घ्या आणि मगच ड्रॉपचं बटण दाबा.